बायोटेक कुणाला कसं दिसतं?

हायर सेकंडरीनंतर थेट बायोटेक घ्यावं, की केमिस्ट्री नाहीतर मायक्रोबायोलॉजी करून मग वळावं? विचाराल तितकी उत्तरं मिळतील, कारण सांगणारा आपल्या विषयापुरतंच बोलतो.

बायोलॉजीवाल्यांना हा आपल्याच विषयाचा पुढचा भाग वाटतो. सर्वाधिक हिरमोड त्यांचाच होतो. रोजचं काम म्हणजे हिशेब: 100 मायक्रोमोलर प्रायमरचं (डीएनएच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) 10 करायचं, तर 10 मायक्रोलिटर प्रायमरमध्ये 90 पाणी. इथे 100 घालणारे पुष्कळ. पिपेटचं बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढला तर तो जास्त येतो, आणि 25 मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) तेवढी चूक खपत नाही.

केमिस्ट्रीवाले याला ‘रेसिपी’ म्हणतात. हिशेबात ते पक्के, पण एन्झाइमची बाटली बर्फाबाहेर विसरतात. जिवंत पेशी घाई मानत नाहीत. टिश्यू कल्चरच्या (पेशींपासून रोप वाढवण्याच्या) बाटलीत शिरलेली बुरशी दिसायलाच तीन-चार दिवस जातात. गोव्याच्या पावसाळ्यात मात्र केमिस्ट्रीवाल्यांची शिस्त तारते. जिवाणूंत डीएनए घालायला वापरतात ते कॅल्शियम क्लोराइड ओल धरलेलं असताना तोललं की वजनात पाणीही मोजलं जातं, द्रावण पातळ होतं, आणि जिवाणूंत डीएनए का शिरत नाही म्हणून आठवडा वाया जातो.

इंजिनिअरिंगवाल्यांना डीएनए म्हणजे डेटा. खरंच आहे, फक्त नमुना खराब असेल तर कुठलाही प्रोग्रॅम तो सुधारत नाही. फ्लास्कमध्ये जोमाने वाढणारे जिवाणू मोठ्या टाकीत ऑक्सिजनअभावी का मंदावतात, हे मात्र त्यांना लवकर उमगतं.

कॉमर्स-आर्ट्सकडे विषय पोचतो तो बीटी वांग्यातून (कीड मारणारा जिवाणूचा जीन घातलेलं वांगं; भारतात 2010 पासून स्थगित). टिश्यू कल्चरची केळीही ते जीएम (जीन बदललेली) समजतात; तसं नाही, ती मूळ झाडाचीच प्रत. पण बियाणं कुणाच्या मालकीचं, हा त्यांचा प्रश्न लॅबवाल्यांनीही विचारायला हवा.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलची नोकरी हवी असेल तर केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी बरी. संशोधनाकडे, म्हणजे गोवा विद्यापीठातलं मरीन बायोटेक्नॉलॉजीचं एम.एस्सी. किंवा दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) डोळ्यांसमोर असेल, तर बायोटेक घ्या, पण मॅथ्स सोडू नका: बायोटेकच्या एम.एस्सी.साठीच्या जीएटी-बी प्रवेश परीक्षेच्या पहिल्या भागात बारावीच्या पातळीचं मॅथ्सही असतं. कॉलेज निवडताना एकच विचारा, पीसीआर प्रत्येक विद्यार्थी स्वतः लावतो, की दहाजण एकाच्या खांद्यावरून बघतात?