बाबांची कागदपत्रं आणि सातारच्या वकीलबाई

बाबा मृत्युपत्र न करता गेले. मागे दोन एफडी, थोडे शेअर्स, फ्लॅट आणि गावाकडची सव्वा एकर. दादा म्हणाला, "एफडीला नॉमिनी आईच आहे, वकील कशाला?" वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत समजावलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे त्याच्या हातात येतात, हक्क वारसांचाच राहतो.

मग त्यांनी विचारलं, "बाबांच्या आई आहेत का?" आम्ही गप्प. आजी ब्याऐंशीची, काकांकडे असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात (1956) मयताची आईही पहिल्या वर्गाची वारस, बायको-मुलांइतक्याच हिश्शाची. आमच्या यादीत तिचं नावच नव्हतं! बाईंनी तिथेच हिरव्या पेनने ते वर लिहिलं.

शेअर्ससाठी त्यांनी कोर्टातून वारसा प्रमाणपत्र काढून दिलं. जमिनीसाठी मात्र ते चालत नाही म्हणाल्या आणि दादाला मृत्यूदाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे धाडलं. फेरफार (हक्कनोंदीतला बदल) मंजूर होऊन सातबाऱ्यावर चौघांची नावं चढली. बँकेने मात्र एकच फॉर्म तीनदा भरून घेतला, त्यात बाईंचा काय दोष.

फी 22 हजार, आधीच सांगितलेली, टायपिंग-झेरॉक्स वेगळं. फोन उचलत नाहीत, रात्री नऊनंतर मेसेजला एका ओळीत उत्तर देतात. ऑफिसचा जिना अंधारा आहे, म्हाताऱ्यांना नेऊ नका; आजीची सही घ्यायला बाई स्वतः काकांकडे आल्या होत्या. पाचपैकी साडेचार.