जहांगीर कलादालन: स्वतःची आवड ओळखण्याची जागा

ठाण्यातल्या आमच्या घराच्या बैठकीची एक भिंत रिकामी होती. तिच्यावर चार फूट बाय तीन फुटांचे, भिंतीच्या फिकट पिवळ्या रंगाला शोभेल असे एखादे चित्र लावावे, एवढाच विचार घेऊन मी २०१८ साली मुंबईतल्या काळा घोडा परिसरातल्या जहांगीर कलादालनात पहिल्यांदा गेले. त्या दिवशी काहीही विकत न घेता परत आले. त्यानंतर मात्र, २०२० मधला टाळेबंदीचा काळ सोडला तर, महिन्यातून किमान एक शनिवार मी तिथे घालवते, आणि आज माझ्याकडे जी सात चित्रे आहेत त्यांतले एकही त्या भिंतीच्या मापाचे नाही. ज्यांना चित्रसंग्रहाला सुरुवात करायची आहे, परंतु आपल्याला नेमके काय आवडते हे ज्यांना अजून उमगलेले नाही, त्यांना ही जागा कितपत उपयोगी पडते याविषयीचे माझे मत मी इथे मांडते आहे.

प्रथम जागेविषयी. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांच्या आग्रहामुळे सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून हे कलादालन उभे राहिले आणि १९५२ साली ते खुले झाले. दुर्गा बाजपेयी यांनी रचलेली ही इमारत शहरातल्या सुरुवातीच्या काँक्रीटच्या बांधकामांपैकी एक मानली जाते, आणि प्रवेशद्वारावरचे तिचे घडीदार छत आजही लक्ष वेधून घेते. ज्या भाभांनी या जागेचा आग्रह धरला ते स्वतः रेखाटने करीत, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी त्या काळातल्या तरुण चित्रकारांची चित्रे स्वतः पाहून, स्वतः निवडून घेतली. ज्या चित्रकारांची नावे पुढे मोठी झाली, त्यांची चित्रे नाव होण्याआधी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून घेणारा माणूस या इमारतीच्या उभारणीमागे होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रवेश विनामूल्य आहे आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी सात ही वेळ आहे. विनामूल्य प्रवेशाचा फायदा पैशांपुरता मर्यादित नाही. तिकीट काढून आत गेलेला माणूस ‘पैसे वसूल’ होईपर्यंत सगळे पाहत बसतो आणि शेवटी डोळे थकवून बाहेर पडतो; इथे मात्र दहाच मिनिटे थांबून, एकच चित्र पाहून निघून जाता येते, आणि पुढच्या वेळी त्याच दालनात पुन्हा शिरताना मनावर कसलेही ओझे नसते. आवड ओळखायची असेल तर असे लहान लहान फेरे फार उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

इथली प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात, आणि एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत वेगवेगळे चित्रकार असतात. त्यामुळे तासाभरात एका दालनात कोकणातल्या पावसाची जलरंगातली निसर्गचित्रे, शेजारच्या दालनात ॲक्रिलिकमधली भलीमोठी अमूर्त चित्रे, तिसऱ्यात दगडातली शिल्पे आणि वरच्या हिरजी जहांगीर दालनात आणखी काही निराळेच, असा अनुभव येतो. दर आठवड्याला सगळेच उत्तम असते असे मी म्हणणार नाही. काही वेळा बुद्धाचे मुखवटे, काशीचे घाट आणि वाड्यांचे दरवाजे यांची तीच ती मांडणी पाहून मी निराश होऊन परतले आहे. तरीही सुरुवात करणाऱ्याला हे कमीजास्त काम एकाच छपराखाली पाहायला मिळणे आवश्यक वाटते, कारण बेतलेले काम आणि आतून आलेले काम यांतला फरक दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय डोळ्यांना कळत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून मी एक साधी शंभर पानी वही जवळ ठेवू लागले. दालनात एक फेरी मारायची, कशावरही मत बनवायचे नाही, आणि दुसऱ्या फेरीत ज्या चित्रापाशी पाय आपोआप थांबतील त्याचे माप, माध्यम आणि त्यात दिसलेली एक गोष्ट लिहून ठेवायची, एवढाच नेम मी केला. किंमत मुद्दामच लिहिली नाही. जवळजवळ दीड वर्षाने ती वही मी सलग वाचली तेव्हा मला धक्काच बसला. मला रंगीबेरंगी निसर्गचित्रे आवडतात असे मी स्वतःविषयी ठाम धरून चालले होते, आणि कोणी विचारले तर तसे सांगतही होते. वहीतल्या एकसष्ट नोंदींपैकी निसर्गचित्रे मात्र नऊच होती. चाळीसहून अधिक नोंदी कागदावरच्या लहान, एकरंगी किंवा दोनच रंगांतल्या कामांच्या होत्या, आणि त्यांतही बहुतेक मुद्राचित्रे, म्हणजे पत्र्यावर, लाकडावर किंवा दगडावर तयार करून कागदावर छापलेली चित्रे, होती: एचिंग, काष्ठछाप, शिळाछाप. ‘डावीकडे खूप जागा मोकळी’, ‘वरचा अर्धा कागद कोरा’ अशी वाक्ये पुन्हा पुन्हा आली होती. आवड माझीच होती, पण ती मला ठाऊक नव्हती.

मुद्राचित्रांची ओढ अगदीच नवी नसावी, असे आता वाटते. वाईला आजीच्या देवघराबाहेर रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी टांगलेली होती आणि दुपारी तिच्यासमोर पडून मी तिच्या हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत असे. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्याने कितीतरी मराठी घरांना पहिले चित्र दिले, आणि ते चित्र छापलेलेच होते.

मी घेतलेले पहिले चित्र म्हणजे सहा इंच बाय आठ इंचांचे एक एचिंग. त्यात एक रिकामी खुर्ची आहे, तिच्या पाठीवर टाकलेला टॉवेल आहे आणि बाकी काही नाही. लांबून ते राखाडी दिसते. पण डोळे जवळ नेले की टॉवेलच्या घडीत एकमेकींना छेदणाऱ्या केसासारख्या बारीक रेषांची जाळी दिसते आणि जिथे जाळी दाट आहे तिथे सावली मखमलीसारखी गडद होते. चित्राभोवती कागद किंचित दबलेला आहे. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन, त्यावर सुईने रेखाटून, पत्रा आम्लात बुडवून रेषा खोल केल्या जातात. मग त्या रेषांत शाई भरून, ओलसर कागद वर ठेवून, तो यंत्राच्या रुळाखालून काढला जातो. तो कागदावर उमटलेला दाब म्हणजे पत्र्याची कड. बोट हळूच फिरवले तर ती कळते, अर्थात चित्राला हात लावण्यापूर्वी चित्रकाराची परवानगी घ्यावी. खाली डावीकडे पेन्सिलीने ‘७/२५’ लिहिले आहे, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी ही सातवी, आणि उजवीकडे सही आहे.

या कलादालनाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे चित्रकार स्वतः दिवसभर तिथे बसलेला असतो. खाजगी दालनांत बहुधा विक्री सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलावे लागते. इथे ज्याने चित्र काढले त्यालाच विचारता येते. खुर्चीचे ते एचिंग मी पाहत होते तेव्हा शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. मी किंमत विचारली आणि लगेच पाकीट काढू लागले, तर ते म्हणाले, “ताई, आज घेऊ नका. सोमवार संध्याकाळपर्यंत चित्र इथेच आहे. दोन दिवस जाऊ द्या आणि ते आठवतंय का बघा.”

“आणि तोपर्यंत कोणी घेतलं तर, सर?”

“पत्रा एकच असतो, प्रती पंचवीस आहेत. तुमच्यासाठी एक निघेल.”

रविवारी दुपारी भांडी घासताना मला त्या टॉवेलची घडी आठवली. सोमवारी कचेरीतून लवकर निघून मी ते चित्र नऊ हजार रुपयांना घेतले. तेव्हापासून प्रत्येक खरेदीपूर्वी मी दोन दिवस जाऊ देते, आणि या कसोटीवर माझी निम्म्याहून अधिक ‘नक्की घ्यायची’ चित्रे टिकलेली नाहीत.

पैशांविषयी स्पष्ट बोलणे गरजेचे आहे, कारण अनेकजण किंमत विचारायच्या संकोचापायी मागे फिरतात. किंमत विचारणे इथे मुळीच गैर मानले जात नाही. कॅनव्हासवरच्या मोठ्या कामांच्या किमती मध्यमवर्गीय पगाराच्या आवाक्याबाहेर जातात, पण त्याच चित्रकाराची कागदावरची लहान कामे, रेखाटने आणि मुद्राचित्रे पुष्कळ कमी किमतीत मिळतात आणि ती बरेचदा भिंतीवर नसून टेबलाखालच्या फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर पाहायला मागावे. माझी सातपैकी तीन चित्रे अशाच फोल्डरमधून आलेली आहेत. घेताना पावती, चित्राचे नाव, माध्यम, माप, वर्ष आणि सही असलेले प्रमाणपत्र घ्यावे, आणि मुद्राचित्र असेल तर ते हाताने छापलेले आहे की मूळ चित्राची डिजिटल प्रत आहे हे सरळ विचारावे. दोन्ही विकण्यात गैर काही नाही, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्या कलावंतांकडेही थांबावे. आतल्या दालनाची वेळ मिळायला चित्रकाराला अनेक वर्षे वाट पाहावी लागते, तेव्हा बाहेर बसलेला प्रत्येकजण कमी प्रतीचा असतो हा समज सोडून द्यावा. माझ्याकडचे पेन्सिलीतले एक रेखाटन, बसच्या खिडकीला डोके टेकून झोपलेल्या बाईचे, पदपथावरूनच घेतलेले आहे.

डोळे तयार व्हायचे असतील तर शेजारच्या दोन संस्थांची जोड देणे मला आवश्यक वाटते. रस्त्यापलीकडे, १९११ च्या कावसजी जहांगीर सभागृहात, १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. २०१९ साली तिथे चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि त्यात त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. पान, घड्याळ, लिफाफा यांसारख्या रोजच्या वस्तू विस्तीर्ण मोकळ्या अवकाशात तरंगत ठेवणारी ती चित्रे मी तीनदा पाहिली. माझ्या वहीतल्या ‘मोकळी जागा’ या नोंदीला त्यामुळे अर्थ आला: ती जागा उरलेली नसते, चित्रकाराने ती ठेवलेली असते. कलादालनाला लागूनच असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा, दोराबजी टाटा आणि पुरुषोत्तम मावजी यांच्या खाजगी संग्रहांतून आलेल्या वस्तू आहेत. त्या पाहताना मी आता वस्तूंबरोबर त्या निवडणाऱ्या माणसाचाही विचार करते. लघुचित्रांच्या दालनात तर हा विचार मला तासभर गुंतवून ठेवतो.

चित्र घरी आणल्यावर खरी काळजी सुरू होते, आणि इथे माझे एक नुकसान झाले ते सांगणे कर्तव्य समजते. माझे दुसरे एचिंग मी घराजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे दिले. त्याने ते हार्डबोर्डवर डिंकाने पूर्ण चिकटवले आणि फ्रेमच्या मापात बसावे म्हणून भोवतीचा कोरा कागद कापून टाकला. पत्र्याची कड गेली, प्रतीचा क्रमांक गेला, आणि पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यात तपकिरी डाग पडले. चूक त्याची होती तशी माझीही होती, कारण मी काही सांगितलेच नव्हते. कागदावरच्या चित्राला आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा, चित्र पूर्ण न चिकटवता वरच्या कडेला कागदी बिजागरांनी टांगलेले हवे, आणि काच व कागद यांच्यात माउंटच्या जाडीइतके तरी अंतर हवे. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला टेकलेल्या कागदावर बुरशी धरते. बाहेरच्या, पावसाने ओली होणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये आणि वर्षातून एकदा मागचा पुठ्ठा उघडून कसर लागली नाही ना, हे पाहावे. फ्रेमवाल्याला हे सगळे लिहून द्यावे.

कलादालनाच्या रचनेतली एक मर्यादा मला जाणवते. एका प्रदर्शनाला एकच आठवडा मिळतो, आणि संथपणे पाहणाऱ्याला तो अपुरा पडतो. ठाणे, कल्याण, पनवेलहून येणाऱ्याला एकाच आठवड्यात दोनदा येणे जमतेच असे नाही. म्हणून शक्य झाल्यास मंगळवारी किंवा बुधवारी पहिली फेरी करावी आणि शनिवार-रविवार दुसरीसाठी ठेवावा. १९६४ पासून इमारतीच्या मागच्या अरुंद पट्टीत चालणारे समोवार हे उपाहारगृह २०१५ साली बंद झाले. नुकत्याच पाहिलेल्या चित्रावर चहाच्या कपासोबत तिथल्या तिथे बोलण्याची ती सोय आज असती, तर माझ्यासारख्या नवख्यांना फार आधार झाला असता.

काल, शनिवारी, मी तिथे एक काष्ठछाप पाहिला. काळ्याभोर कागदभर पाऊस आहे आणि उजव्या कोपऱ्यात लाकडाच्या रेषांमधून उमटलेला एक पांढरा दिवा आहे. माप बारा इंच बाय अठरा इंच, किंमत माझ्या ठरलेल्या रकमेपेक्षा थोडी जास्त. वहीत नोंद केली आहे, दोन दिवस उद्या पूर्ण होतात, आणि दिवा अजून आठवतो आहे. उद्या सोमवार, सातच्या आत पोहोचायचे आहे.