कॅम्परच्या बाकड्यात सबवूफर: एक दहा इंची, की पाठीला पाठ लावलेले दोन आठ इंची?

झोपायची सोय केलेल्या आमच्या ट्रॅव्हलर गाडीत मागचं बाकडं दिवसा बसायचं आणि रात्री झोपायचं. आतल्या खणात अंथरुणं, दोऱ्या, हत्यारं. त्याच खणात मी आधी एक दहा इंची वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) बंद पेटीत घालून वर्षभर वापरला. मग तो काढून दोन आठ इंची वूफर एकमेकांकडे पाठ करून बसवले. गाडी तीच, बाकडं तेच, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ होते. मोजायची यंत्रं माझ्याकडे नाहीत. तळहात, पाठ आणि कान यांवर जे कळलं ते सांगतो.

सीटखालचे चपटे, अँप्लिफायरसकट मिळणारे सबवूफर हा तिसरा पर्याय आहे. गाडी चालवतानाच गाणी ऐकायची असतील तर तो घ्या, बाकड्याला हात लावूच नका. मला मुक्कामी, रात्री, हळू आवाजात ऐकायचं असतं. पखवाज आणि डग्ग्याचा घुमारा दारातल्या स्पीकरमधून पोचत नाही, ही माझी मूळ अडचण.

आवाजात दोघांत फार फरक नाही. दोन आठ इंचींचं मिळून क्षेत्रफळ एका दहा इंचीपेक्षा थोडं जास्तच भरतं, त्यामुळे तेवढ्याच आवाजाला त्यांना कमी हलावं लागतं. पेटी दोन्ही वेळा बंदच ठेवली. गाडीची आतली लांबी साधारण ४ मीटर धरली, तर ४३ हर्ट्झच्या (सेकंदाला ४३ कंपनांच्या) खाली बंदिस्त हवाच खर्जाला उचलून धरते. दारं-पत्रे थोडं गळू देतात, पण मदत होतेच. खर्ज वाढवायला भोक ठेवलेल्या पेटीची गरज मला तरी भासली नाही.

खरा प्रश्न थरथरीचा. दहा इंची वूफरचा हलणारा भाग सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तो ४० हर्ट्झला मध्यापासून ४ मिलिमीटर पुढे-मागे झाला, तर पेटीवर साधारण ३० न्यूटनचा उलटा धक्का बसतो. तीन किलोचं वजन जितकं दाबेल तितका जोर, सेकंदाला ४० वेळा पुढे आणि ४० वेळा मागे. तो पेटीतून बाकड्यात, बाकड्यातून गादीत. आवाज अगदी बारीक ठेवला तरी आडवं झालं की बरगड्यांना जाणवायचा. माझं लक्ष गाण्यात असल्याने मला चाललं असतं. बायकोला चाललं नाही. दिवेआगरच्या मुक्कामात ती म्हणाली, "आवाज राहू दे, पण पाठीखालची ही घरघर थांबव."

घरात यावर उपाय सोपा आहे: पेटीखाली मऊ रबर. गाडीत तोच उपाय अडचणीचा होतो, आणि माझा निर्णय इथेच झाला. रबर खरंच काम करायचं तर पेटी त्यावर डुलली पाहिजे. आणि चालत्या गाडीत पंधरा किलोची पेटी डुलून चालत नाही. अचानक ब्रेक लागला तर ती खणाची फळी फोडून पुढे येईल. म्हणून पट्ट्याने आवळावी लागते. पट्टा आवळला की रबर दबतं आणि थरथर परत बाकड्यात येते. काही महिने मी मुक्कामी पोचलं की पट्टा सैल करायचो आणि निघताना आवळायचो. ताम्हिणी उतरताना एकदा आवळायचा राहिला आणि एका खड्ड्यात पेटीने खणाचा कोपरा उखडला. नशिबाने बाकड्यावर कोणी बसलेलं नव्हतं. त्यानंतर मी रबराचा नाद सोडला.

दोन वूफर पाठीला पाठ लावून बसवले की दोघे एकाच वेळी बाहेर ढकलतात, एकाच वेळी आत येतात. दोन्ही धक्के समोरासमोर येऊन पेटीतच मिटतात. मग पेटी सरळ बोल्टने जमिनीच्या चौकटीला घट्ट बसवता येते. घरगुती वापरासाठी हीच युक्ती केईएफ या स्पीकर कंपनीने केसी६२ या छोट्या सबवूफरमध्ये वापरली आहे. तो मात्र घरच्या विजेवर चालतो, म्हणजे गाडीत इन्व्हर्टर आला.

करताना काही गोष्टी सांभाळा. दोन्ही वूफर अगदी एका अक्षावर हवेत. एक जरा वर, एक जरा खाली झाला तर पेटी आडवी डोलू लागते. मी १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय वापरला आणि दोन्ही तोंडांच्या फळ्यांमध्ये आतून आधाराचे दांडे दिले. जोडणी झाल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा: दोन्ही वूफरचे हलणारे शंकू बाहेरच यायला हवेत. एकाची तार उलटी लागली तर खर्ज गायब होतो आणि धक्का दुप्पट होतो, म्हणजे सगळं उलटंच. दोन्ही तोंडांपुढे मी चार बोटं मोकळी जागा सोडली आणि बाकड्याच्या दर्शनी फळीत वेताची जाळी बसवून घेतली.

याची किंमत जागेत मोजावी लागते. पेटी फारशी मोठी नाही, पण दोन्ही बाजूंची मोकळी हवा अंथरुणांची जागा खाते. आमची एक दुलई आता वरच्या कप्प्यात गेली. पैसेही जास्त लागले. आणि सगळी थरथर जाते असं नाही. हवेचा दाब पातळ झाकणांना हलवतोच. मोबाइलवरून २० ते १०० हर्ट्झचा सरकता सूर लावून मी एकेक फळी हाताने दाबत गेलो. खणाच्या झाकणाला फोमची पट्टी, स्टीलच्या डब्यांखाली नमदा, आणि सरकत्या दाराच्या आतल्या आवरणामागे चिकट ब्यूटाइल रबराची पट्टी, एवढ्यावर बरंच भागलं. हे काम एका वूफरलाही तेवढंच करावं लागतं.

बाकडं झोपायचं नसेल, किंवा तुम्ही दारं उघडी टाकून बाहेर खुर्चीत बसून ऐकत असाल, तर एक दहा इंची पुरेल असं मला वाटतं. जागा वाचेल, सुताराचं कामही कमी. पण त्याच बाकड्यावर कोणी निजणार असेल तर मी दोन आठ इंचींकडेच झुकेन. शक्य झालं तर प्लाय कापण्याआधी कुणाकडून तरी एक तयार पेटी दोन दिवसांसाठी मागून आणा, खणात ठेवा, वर गादी टाका आणि ज्यांना तिथे झोपायचं आहे त्यांना अर्धा तास आडवं व्हायला सांगा.