मागून बसवलेली पोलो : गाडी दोन बोटं खाली, आईची कंबर शाबूत

गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली, तर अ‍ॅडव्हायझरने इस्टिमेटवर लिहून दिलं : 'मागच्या दोन्ही स्प्रिंगा बसल्या आहेत, बदलणे.' वर शॉकअपचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) जोड फुकटच्या सल्ल्यासारखा चिकटवलेला. त्याला म्हटलं, बसल्या नाहीत, गाडी मागून खाली घ्यायला मीच मुद्दाम लहान बसवल्यात. तो म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही." बराच वेळ हुज्जत घातल्यावर ती ओळ खोडून घेतली, शेजारी त्याची सही घेतली, मगच किल्ली हातात दिली. तिथे बसलेले आणखी दोघे मला सांगत होते की गाडी खाली केली की कंबरेची वाट लागते. दोघांपैकी एकानेही कधी स्वतःची गाडी खाली केलेली नव्हती.

गाडी पोलो, पेट्रोल, चाकणचीच. २०२२ मध्ये इथलं उत्पादन थांबलं, त्यामुळे ही विकून दुसरी पोलो घेऊ म्हणायची सोय नाही. आहे तीच नीट ठेवायची. भारतासाठी ही गाडी उचलून दिली हे सगळ्यांना माहीत आहे. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमीच्या आसपास, आणि एकटा ड्रायव्हर बसला की शेपूट वर. कंपनीचंही चुकत नाही. मागे तीन धडधाकट माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान भरलं तरी गाडी टेकू नये, या हिशोबाने मागची स्प्रिंग ठरते. माझ्या गाडीत एरवी मी एकटा, रविवारी आई, बायको आणि मुलगी. रोज डोळ्यांना खुपणारी ती उंची मला नको होती. पुढे हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं, कारण खाली आधी घासतो तो पुढचा, इंजिनाखालचा सम्प गार्ड. मागून २५ मिमी उतरवले तर गतिरोधकावर व्यवहारात फारसा फरक पडत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजवाल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं : "एक राउंड काढतो की साहेब, संध्याकाळी घेऊन जावा." स्वस्त आहे, म्हणून मोह होतो. पण असे कापून स्प्रिंगेचे वेढे कमी केले की कडकपणा त्याच पटीत वाढतो. सहा कामाचे वेढे असतील आणि एक कापला तर उरलेल्या पाचांची स्प्रिंग २० टक्के कडक. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगेचं टोक रबरी सीटमध्ये बसेल असं वळवलेलं असतं. ते कापलं की स्प्रिंग नीट बसत नाही, वळताना खडखडते. काही जण गॅसने तापवून खाली बसवतात. तो प्रकार तर विचारूच नका. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे किती बसत जाईल याचा नेम नाही.

म्हणून तयार, लहान, चढत्या कडकपणाच्या स्प्रिंगा घेतल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सगळे लगेच त्यावरच भांडतात. फक्त मागची जोडी. दुकानदार चारही घ्या म्हणत होता, दोन वेगळ्या देणार नाही म्हणत होता. मी उठून निघालो तेव्हा दिल्या.

सुरुवातीला मी या स्प्रिंगांना भरपूर नावं ठेवली. साध्या रस्त्यावर उत्तम, पण खोल खड्डा किंवा आमच्या गल्लीतला गतिरोधक आला की मागून 'धप्प'. आई म्हणाली, "ही गाडी आता मला नको रे बाबा, रिक्षाने जाते मी." इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, गोलसर असायला हवा. आमच्या गल्लीतला म्हणजे डांबराचा बांध आहे, रुंदी जेवायच्या पाटाएवढी. पण बांध आधीही होता आणि 'धप्प' नव्हतं, म्हणून शोध सुरू केला.

आता मुख्य मुद्दा, आणि मी याच्यावर वाजवीपेक्षा जास्त बोलणार आहे : बंप स्टॉपर. शॉकअपच्या रॉडवर डस्ट कव्हरच्या आत अंगठ्यापेक्षा थोडा लांब, फोमसारखा पिवळसर तुकडा असतो. दाबत गेलं की हळूहळू कडक होत जातो. गाडी २५ मिमी खाली केली म्हणजे हा तुकडाही २५ मिमी जवळ आला. चाकाला वर जायला जी मोकळी जागा होती त्यातली तेवढी गेली. मग थोडं वजन आणि एक खड्डा एवढ्यात चाक स्प्रिंगेवरून निघून या फोमवर येतं. तिथे आलं की तुमची स्प्रिंग जगातली सर्वांत मऊ असली तरी उपयोग नाही. लोक ज्याला 'लोअरिंग स्प्रिंगा कडक असतात' म्हणतात, त्यातला मोठा भाग हा फोम आहे, हे माझं मत. माझ्या गाडीपुरतं ते तपासूनही पाहिलं.

तपासायला खर्च काहीच नाही. शॉकअपच्या रॉडवर, शॉकअपच्याच बॉडीला (खालच्या जाड नळीला) टेकून, एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधायची. शॉकअप दाबला जातो तसतशी बॉडी तिला रॉडवर वर ढकलते, आणि ती जिथवर गेली तिथेच राहते. डस्ट कव्हर थोडं वर सरकवावं लागतं एवढंच. नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारून पाहिलं तर टाय सरळ स्टॉपरला जाऊन भिडलेली, दोन्ही बाजूंना. आई मागे नसताना!

मग स्टॉपरचे दोन नवे तुकडे आणले (जुने तसेच ठेवले, वेळ सांगून येत नाही) आणि त्यांच्या जाड बाजूने बोटाच्या पेराएवढा भाग कापला. निमुळतं टोक तसंच ठेवायचं, कारण सुरुवातीचा मऊपणा तिथेच असतो. यापेक्षा जास्त कापू नये. नाहीतर शॉकअप आतल्या आत लोखंडावर लोखंड आपटतो किंवा टायर चाकाच्या कमानीत जाऊन घासतो. पूर्ण काढून टाकणारे महाभागही भेटले, त्यांच्या शॉकअपचं तेल कुठे जातं ते त्यांनाच ठाऊक.

त्या दिवशी गल्लीतल्या बांधावरून गेलो आणि 'धप्प' आलं नाही. एवढ्याशा फोमच्या तुकड्याने फरक पडला! स्प्रिंगांबद्दलचं मत तिथे बदललं.

शॉकअपही नंतर बदलले, ते मात्र मुकाट्याने, कारण एक ओलसर दिसत होता. कडक स्प्रिंग सुटताना जास्त जोराने सुटते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. थकलेला असेल तर बांध ओलांडल्यावर शेपूट वरखाली झुलत राहतं आणि मुलांना उलटी होते. मूळ दर्जाचेच घेतले. स्पोर्ट्स वगैरे लिहिलेले दुप्पट महाग होते, आणि महाग गोष्ट बरी वाटू लागते हा पैशाचा परिणाम असतो.

एका गोष्टीबद्दल आधी कोणीही सांगत नाही : हेडलाइट. व्हीलबेस सुमारे २.४७ मीटर. मागून २५ मिमी उतरलात म्हणजे नाक एक टक्का वर, म्हणजे २५ मीटरवर झोत पाव मीटर उंच. लो बीमला खाली झुकवण्याचं प्रमाण मुळात साधारण एवढंच असतं, म्हणजे सगळा झुकाव पुसला जातो. रात्री कराडकडून येताना समोरचे सगळे डिपर मारत होते, मला वाटलं पुढे पोलीस आहेत. लाइटचे स्क्रू फिरवून, भिंतीवर खुणा करून बीम खाली घेतला. अर्ध्या तासाचं काम, गॅरेजवाल्याला सुचलंही नव्हतं.

मागची दोन्ही चाकं टॉर्शन बीमने, म्हणजे एका आडव्या तुळईने जोडलेली असल्यामुळे मागच्या अलाइनमेंटला धक्का नाही. पुढचा कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव) मात्र अर्ध्या अंशाने वाढतो. हायवेला स्टिअरिंग जरा जास्त सरळ राहतं, असं मला वाटतं; बायकोला काहीच वाटत नाही.

जुन्या मारुती वगैरे असलेल्यांनी जपून. त्यातल्या काहींच्या मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून खाली आली की तो समजतो ओझं भरलंय, आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. पावसात मागची चाकं लॉक झाली तर गाडी फिरेल. दांडी जुळवून घेतल्याशिवाय हा उद्योग करू नका. ईबीडी (ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाटणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत सहसा ही भानगड नसते.

आणि कृपा करून याच सोबत १७ इंची अ‍ॅलॉय टाकू नका. माझ्या १८५/६० आर१५ टायरची भिंत १११ मिमी आहे. २०५/४५ आर१७ ची ९२. जो मऊपणा स्टॉपर कापून मिळवला तो रबरात घालवायचा आणि मग लोअरिंगला शिव्या द्यायच्या.

कागल–सातारा महामार्गाच्या सहापदरीकरणाची डायव्हर्जनं ही या गाडीची खरी परीक्षा. तिथे आश्चर्य वाटलं : गाडी आता पुढून-मागून डुलत नाही, सरळ खाली-वर होते. पुढचं चाक आधी आदळतं, मागचं नंतर. मागची स्प्रिंग थोडी चपळ असली की ती पुढच्याला गाठते आणि डुलणं लवकर विझतं. आई शेवटी पुण्यापर्यंत मागे बसून आली. खंबाटकी उतरल्यावर विचारलं तर म्हणाली, "आधीपेक्षा बरं आहे, पण आधी काय होतं ते आता आठवत नाही." एवढं प्रमाणपत्र पुरे.

कमतरता आहेतच. पाच माणसं आणि बॅगा भरून कोकणात उतरलो तेव्हा गगनबावड्याच्या वळणांवर स्टॉपर परत हजेरी लावत होता. तेव्हा मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीसाठी लिहिलेली हवा घालतो आणि जड बॅगा डिकीच्या दाराशी न ठेवता मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवतो. कायम भरलेली गाडी चालवणाऱ्यांनी, किंवा डिकीत सीएनजीची टाकी असणाऱ्यांनी, हे करूच नये. त्यांची गाडी मुळातच बसलेली असते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मी कळवलंय. प्रीमियम वाढला नाही.

मूळ स्प्रिंगा तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता, दिल्या नाहीत. गाडी विकायची वेळ आली की त्या परत चढवणार आणि या लहान स्प्रिंगा वेगळ्या विकणार. गिऱ्हाईक आत्ताच एक विचारून गेलाय.