सँडर नवा घ्यावा की वापरलेला? आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

सँडर म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन. आधी निकाल सांगतो: घरच्या कामासाठी बेल्ट सँडर (फिरत्या खरखरीत पट्ट्यानं घासणारा) वापरलेला घेतला तरी चालतो, रँडम ऑर्बिटल (गोल पॅडवर सँडपेपर चिकटवून घासणारा) मात्र नवाच घ्यावा. माझ्याकडे दोन्ही आहेत. पहिला जुना, दुसरा कोरा, आणि गेल्या उन्हाळ्यापासून दोन्ही भरपूर चाललेत.

काम कसलं होतं तेही सांगायला हवं, कारण नव्या प्लायवर हा हिशेब वेगळा लागेल. गावाकडचं माळवद उतरवलं तेव्हा सागाच्या तुळया आणि ढेलजेच्या दाराची चौकट निघाली. पाटीमागं पाटी माती पडत होती आणि लाकूड आतून शाबूत. नांदेडच्या घरात त्याचं टेबल आणि दोन बाकं केली, देव्हारा अजून चालू आहे. असल्या लाकडावर चुलीच्या धुराचा थर असतो, त्याखाली ऑइल पेंटचे दोन-तीन हात, आणि मोडलेले खिळे कुठं दडलेत त्याचा पत्ता नाही. खिळ्यावरून पट्टा गेला की एका दमात फाटतो. तुळईवर आधी लोहचुंबक फिरवून घ्या, चिटकलं की समजायचं.

बेल्ट सँडर शंभर बाय सहाशे दहा मिलिमीटरच्या पट्ट्याचा आहे, एका फर्निचरवाल्या ठेकेदारानं विकायला काढलेला. नव्याच्या निम्म्याहून कमी पैसे गेले. या मशीनमध्ये लपवण्यासारखं फारसं काही नसतं: मोटर, एक दातेरी पट्टा, दोन रोलर आणि खाली चपटी पट्टी. झिजलेलं सगळं डोळ्याला दिसतं. मागच्या रोलरचं रबर गुळगुळीत झालंय का, खालची पट्टी टाचेकडं खचलीय का, ट्रॅकिंगचा (पट्टा सरळ ठेवणारा) नॉब फिरवल्यावर पट्टा मधोमध थांबतो का, एवढं बघा. मग बाजूची दोन्ही टोपणं उघडून कार्बन (मोटरीला वीज देणारे ब्रश) बाहेर काढा आणि आतल्या कॉम्युटेटरवर, म्हणजे ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, बॅटरी मारा. एकसारखा तपकिरी असेल तर ठीक. एखादी पट्टी काळी जळालेली दिसली किंवा वार्निश करपल्याचा वास आला, तर आर्मेचर (मोटरीचा फिरणारा भाग) गेलंय किंवा जाण्याच्या वाटेवर आहे. चालवून बघताना कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या चालतात. गोल कडं पेटल्यासारखं दिसलं तर तिथूनच परत फिरा. बंद केल्यावर मशीन थांबेपर्यंत कान द्या, बेअरिंगचा खरखराट तेव्हाच ऐकू येतो. आमच्या मशीनला मी कार्बन आणि दातेरी पट्टा टाकला, दोन्ही बाजारात सहज मिळाले.

रँडम ऑर्बिटलची गोष्ट वेगळी. त्याचा पॅड फिरतोही आणि अडीच-एक मिलिमीटरच्या वर्तुळात डुलतोही, मिनिटाला बारा हजारांपर्यंत. हे सगळं ज्या बेअरिंगवर, ते धुळीच्या अगदी तोंडाशी. आपल्याकडं जे वापरलेले नग येतात त्यातले बरेचसे पुट्टी घासून आलेले असतात, निदान मला दाखवले ते तसेच होते. हवेच्या जाळीत पांढरी भुकटी बसलेली दिसली की ओळखावं. लाकडाच्या भुशापेक्षा ती भुकटी किती तरी बारीक, थेट मोटरीत जाते. दुसरी खोड पॅडच्या वरच्या रबरी रिंगची. ती ब्रेकचं काम करते. ती झिजली की मशीन हवेत धरल्यावर पॅड भन्नाट वेग घेतो आणि लाकडाला टेकताक्षणी चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटतो. पॉलिश लावेपर्यंत तो दिसत नाही, लावल्यावर पाहुण्यालाही दिसतो. दुकानात पॅड हातानं हलवून बघा, खडखड लागली तर कितीही स्वस्त असो, नको.

बाहेरदेशातून आलेल्या जुन्या मशीनचंही आकर्षण असतं. प्लेटवर 110 किंवा 100 व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा. आपल्या 230 वर ते सरळ लावलं तर धूर निघतो, ट्रान्सफॉर्मर घेतला तर स्वस्तपणा संपला. आणि गावात काम असेल तर कृषिपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडतं हे धरून चला. मोटर मंदावते, माणूस दाब वाढवतो आणि मोटरीतल्या तारांचं वाइंडिंग तापतं. मी अशा वेळी सरळ पटाशी आणि रंधा हातात घेतो.

नवा ऑर्बिटल घेताना बिल मागा, त्याशिवाय वॉरंटीचं कुणी विचारत नाही. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो म्हणून काही जण बिनबिलाचा भाव सांगतात, त्याला भुलू नका. पॅडची भोकं आणि पेपरची भोकं जुळतात का तेही बघा. न जुळणारा पेपर लावला की धूळ ओढली जात नाही, पेपर लगेच भरतो.

धुळीबद्दल थोडं कडक बोलतो. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून 1995 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे. मशीनची कापडी पिशवी पुरेशी नाही, एफएफपी-2 (बारीक धूळ अडवणारा) मास्क लावाच. जुन्या रंगाचं तर आणखी वेगळं: आपल्याकडं घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 90 भाग) आणणारा नियम 2016 चा, त्यामुळं आजोबांच्या काळच्या चौकटीवरचा रंग सँडरनं उडवू नये. मी तो केमिकल रिमूव्हर लावून पत्र्यानं खरवडला आणि मगच मशीन लावलं.

सँडपेपरचे नंबर (मोठा नंबर म्हणजे बारीक पेपर) असे वापरले: बेल्टवर 60 आणि 80, ऑर्बिटलवर 120, 180, शेवटी 220. सागाला त्यापुढं घासून काही फरक पडला नाही, उलट पॉलिश धरायला लाकूड कोरडं पडल्यासारखं वाटलं. ऑर्बिटल दाबू नका, त्याचं वजनच पुरे. दाबलं की पॅड तापतो आणि त्यावरचे व्हेल्क्रोचे हूक वितळतात. माझ्या पॅडच्या कडेला पेपर आता सैल बसू लागलाय. सुटा पॅड इथल्या दुकानांत तयार मिळत नाही, मागवावा लागतो. तेव्हा मशीनसोबतच एक जास्तीचा घेऊन ठेवा.