घरी बांधायच्या वाळूबग्गीसाठी मारुती ८०० चा इंजिन-गिअरबॉक्स संच : एक परीक्षण

घरच्या गॅरेजमध्ये वाळूवर धावणारी बग्गी बांधायला घेणाऱ्यासमोर पहिला मोठा प्रश्न इंजिनाचा असतो, आणि आपल्याकडे त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर आजही जुन्या मारुती ८०० मध्ये मिळते, अशी माझी खात्री झाली आहे. येथे परीक्षण करत आहे ते त्या गाडीच्या पुढच्या भागातून निघणाऱ्या संपूर्ण संचाचे, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल (चाकांना फिरवणाऱ्या दांड्या), नकल (चाक धरणारा, वळू शकणारा भाग), लोअर आर्म (नकलला खालून चौकटीशी जोडणारा हात), स्टिअरिंग रॅक आणि पेडल यांचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हे भाग सुटेही मिळतात, परंतु चालती गाडी अख्खी घेतली तर प्रत्येक भाग दुसऱ्याशी जुळलेला मिळतो. सुटे भाग गोळा करताना ज्या बारीकसारीक पट्ट्या, बुशिंग आणि बोल्ट शोधण्यात महिने जातात, ते सारे अख्ख्या गाडीत आधीच जागेवर बसलेले असते.

वाळूबग्गीचा इतिहास पाहिला की या संचाचे महत्त्व नीट कळते. कॅलिफोर्नियाच्या न्यूपोर्ट बीच येथे ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये फायबरग्लासची मायर्स मँक्स बांधली, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो फोक्सवॅगन बीटलचा. बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी एकाच गठ्ठ्यात होते, त्यामुळे वजन चालकाच्या मागे राहिले, वाळूत ढकलणाऱ्या चाकांवर भार आला आणि पुढची चाके हलकी राहून वाळूवर तरंगू शकली. भारतात बीटल कधीच सहज मिळणारी गाडी नव्हती. मात्र १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले असून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) त्यालाच जोडलेले आहेत. हा सगळा गठ्ठा पुढून काढून चालकाच्या मागे ठेवला की बीटलची मांडणी आपल्या हाती येते. या गाडीचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, तरी तिचे सुटे भाग आणि तिची नस ओळखणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतात, आणि घरी गाडी बांधणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

आकडे साधे आहेत. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे हे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्ती देते, आणि मूळ गाडीचे वजन साधारण ६५० किलो असते. पत्रा, काचा, दरवाजे आणि मागची सीट वजा करून केलेली बग्गी ४५० किलोच्या आत ठेवली, तर टनामागे शक्ती ५७ वरून ८२ अश्वशक्तीपर्यंत जाते. ज्यांना यापेक्षा मोठे इंजिन हवे असते त्यांना मी आग्रहाने सांगतो की वाळूत आधी वजन आडवे येते आणि शक्तीची उणीव फार नंतर जाणवते. जड बग्गी रुतते, आणि रुतलेल्या चाकाला जास्त शक्ती दिली की ते आणखी खोल जाते.

बसवणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिशेची आहे. संच मागे नेताना तो फिरवायचा नाही. मूळ गाडीत इंजिनाची जी बाजू पुढे होती तीच बग्गीतही पुढे राहिली पाहिजे, कारण संच उलटा बसवला तर चाके उलटी फिरतील आणि हाती एक पुढचा व चार मागचे गिअर येतील. दुसरी गोष्ट टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंग रॅकपासून नकलपर्यंत जाणाऱ्या दांड्यांची. मागे गेलेले नकल अजूनही वळू शकणारे असतात, म्हणून त्यांचे टाय रॉड चौकटीला पक्के बांधावे लागतात, आणि तो बिंदू कुठे असावा यावर बग्गीचा सगळा स्वभाव ठरतो. चाक वरखाली होताना लोअर आर्म ज्या कमानीत फिरतो त्याच कमानीत टाय रॉडही फिरला पाहिजे. दोघांची लांबी आणि कल सारखा नसेल तर प्रत्येक खड्ड्यावर मागचे चाक थोडे वळेल आणि वेगात मागचा भाग आपोआप भरकटू लागेल. स्प्रिंग काढून चाक हाताने वरपासून खालपर्यंत फिरवावे, चाकाला लावलेल्या सरळ पट्टीने त्याची दिशा मोजत राहावे आणि मगच टाय रॉड धरणारा कंस वेल्ड करावा. इंटरनेटवर दिसणाऱ्या घरगुती बग्ग्यांच्या चित्रांमध्ये हा भाग अंदाजाने केलेला वारंवार दिसतो, आणि मला ते खरोखर काळजीचे वाटते.

पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या ८०० चे नकल आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) वापरणे सोयीचे असते, कारण डिस्क ब्रेकही त्यासोबत येतात. येथे एक बाब पक्की लक्षात ठेवावी. या हबचे बेअरिंग एक्सलच्या टोकाला बसणाऱ्या मोठ्या नटने आवळलेले असते, म्हणून पुढे एक्सलची गरज नसली तरी बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (एक्सलला कोनात वळूनही फिरू देणाऱ्या सांध्याचा) तुकडा हबमध्ये बसवून नट पूर्ण आवळलाच पाहिजे; रिकामा हब भार घेऊ शकत नाही. स्टिअरिंग रॅक मूळ गाडीत चाकांच्या आसाच्या मागे असतो आणि बग्गीतही तो तिथेच ठेवावा. मूळ गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो; आता मागे डिस्क आल्याने ती सोय जाते आणि उभ्या गाडीसाठी स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. हा या संचाचा खरा तोटा आहे, आणि चढावर गाडी थांबवावी लागते तेव्हा तो चांगलाच जाणवतो.

क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही केबलवर चालतात, त्यामुळे लांब केबल करून घेतली की काम भागते. गिअरची गोष्ट वेगळी आहे. ८०० मध्ये गिअर सळईच्या जोडणीने बदलतात आणि ती सळई गिअरबॉक्सपासून मागे केबिनकडे येते. इंजिन चालकाच्या मागे गेल्यावर तीच जोडणी उलट दिशेने पुढे आणावी लागते. लेथवाल्याकडून नीट जोड करून घेतले तर हे जमते, परंतु प्रत्येक जोडातली थोडी थोडी ढील एकत्र होऊन गिअर चाचपडत शोधावा लागतो. केबलवर चालणाऱ्या गिअरबॉक्सची गाडी निवडली तर ही डोकेदुखी टळते, आणि या एका बाबतीत ८०० ला मी स्पष्टपणे कमी गुण देतो.

रेडिएटर पुढे ठेवला तर थंड हवा मिळते, पण पाण्याचे पाइप गाडीभर फिरतात आणि त्यांत हवा अडकून इंजिन तापते, म्हणून सर्वांत उंच जागी हवा सोडण्याचा स्क्रू हवाच. मूळ पंखा विजेवर चालत असल्याने रेडिएटर कुठेही ठेवता येतो. मी तो चालकाच्या डोक्यामागे, उंचावर ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण पाइप आखूड राहतात आणि समोरून उडणारी वाळू थेट जाळीत भरत नाही.

कार्ब्युरेटरचे इंजिन घ्यावे की इंजेक्शनचे, यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास वाद होतात. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला वायरिंग जवळजवळ लागतच नाही आणि बिघाड डोळ्यांना दिसतो, परंतु वाळूच्या उभ्या चढावर फ्लोटच्या कप्प्यातले पेट्रोल कलते आणि उड्या घेताना ते सांडून इंजिन अडखळते. २००० सालाच्या सुमारास आलेल्या इंजेक्शनच्या इंजिनात हा त्रास नाही. मात्र त्याचा कंट्रोल युनिट, सगळे सेन्सर आणि न कापलेले वायरिंग गाडीसोबत मिळाले नाही, तर नंतर ते जुळवणे फार कष्टाचे होते. अख्खी चालती गाडी हाती असेल तर इंजेक्शनचे इंजिन घ्यावे, असे मी म्हणेन. दोन्ही प्रकारांत हवेच्या फिल्टरकडे दुर्लक्ष करू नये. बारीक वाळू सिलिंडरमध्ये गेली की रिंगा आणि भिंती घासल्या जातात आणि धडधाकट इंजिन थोड्याच काळात धूर सोडू लागते, म्हणून हवेचे तोंड उंचावर न्यावे आणि त्यावर तेलात भिजवलेल्या फोमचे आवरण असावे. टायमिंग बेल्टचे झाकणही कोणी काढून ठेवू नये.

इंजिनाचे कौतुक करताना चौकट विसरता कामा नये, कारण उलटलेल्या बग्गीत जीव वाचवते ती चौकटच. मध्य प्रदेशातील पिथमपूरशी नाव जोडले गेलेल्या, विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या खडबडीत जमिनीवरच्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेत मुख्य सांगाड्यासाठी किमान ०.१८ टक्के कार्बनचे पोलाद, २५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडी हा मूळ निकष राहिला आहे, आणि त्या गाड्यांची इंजिने १० अश्वशक्तीच्या आसपासची असतात. ४५० किलोच्या, ३७ अश्वशक्तीच्या बग्गीला डोक्यावरची मुख्य कमान त्याहून जाड नळीचीच लागते. पाण्याचा पाइप वापरू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपला वेल्डिंग केले तर निघणारा धूर अंगात ताप आणतो, आणि वेल्डही कमजोर राहतो. नळीचे टोक दुसऱ्या नळीवर गोलाईत नीट बसेल असे कापावे, आधी सर्वत्र टाके मारून मापे तपासावीत आणि मग डावी-उजवी बाजू आलटून पालटून वेल्ड करावी, नाहीतर उष्णतेने सांगाडा पिळवटतो. ज्याचा हात वेल्डिंगवर बसलेला नाही त्याने सांगाड्याचे शेवटचे वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावे. येथे केलेली काटकसर मला क्षम्य वाटत नाही. चार पट्ट्यांचा सीटबेल्टही तितकाच आवश्यक आहे.

वाळूवर हा संच कसा वागतो, ते टायरवर अवलंबून आहे. मूळ १४५/७० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिमी भरतो. त्याजागी २३ इंची टायर लावला तर व्यास सुमारे १५ टक्के वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच उंच होतो आणि वाळूतून निघताना क्लच प्लेटवर ताण येतो. म्हणून मागे रुंद पण फार उंच नसलेले टायर घ्यावेत आणि हवा १२ ते १५ पीएसआयपर्यंत उतरवावी. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये बग्गी उत्साहाने निघते आणि सपाट वाळूवर तिसऱ्यातही तग धरते. डिफरन्शियल साधे असल्याने एक चाक रुतले की तेच एकटे फिरत राहते. प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र हातब्रेक दिला, तर फिरणारे चाक धरून शक्ती दुसऱ्याकडे वळवता येते आणि वर उल्लेखलेली हँडब्रेकची उणीवही त्यातच भरून निघते.

पर्यायांपैकी ओम्नीमध्ये इंजिन हेच असले तरी मांडणी उभी असून शक्ती प्रॉपेलर शाफ्टने मागच्या जड एक्सलकडे जाते, त्यामुळे बग्गीसाठी ती सोयीची नाही. ऑल्टोचा संच अधिक जोमदार आहे आणि पाच गिअरचा आहे, पण त्याच्या वायरिंगला हात घालायची तयारी हवी. मोटारसायकलचे इंजिन हलके असते, मात्र त्याला रिव्हर्स नसतो.

ही बग्गी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येणार नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागावे; मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करण्यास मनाई आहे. ती टेम्पोतून न्यावी आणि मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर चालवावी. कोकणच्या किनाऱ्यावर ती कोणीही नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वेळास आणि आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात, आणि चाकाखाली दबलेले घरटे वरून दिसतही नाही.

गाडी घेताना इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब) मोजून घ्यावे आणि वेगातून दुसऱ्या गिअरमध्ये येताना करकर होते का ते ऐकावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर टकटक आवाज आला तर सीव्ही जॉइंट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. रबर बूट फाटलेले असतील तर तेही त्याच वेळी बदलावेत. गाडी नोंदणीपुस्तकासह मूळ मालकाकडूनच घ्यावी, आणि ती मोडीत काढण्यापूर्वी नोंदणी रद्द करण्याची जबाबदारी कोणाची हे लेखी ठरवावे. कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याची खबर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला द्यायची असते, आणि तो कागद बग्गीच्या इंजिन क्रमांकासोबत जपून ठेवावा.