सरकारी रुग्णालयातलं ‘मैत्री’ क्लिनिक: लेकीला घेऊन जरूर जा

शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, रविवारी दुखत नाही, अशी लेक घरात असेल तर सरकारी रुग्णालयातल्या ‘मैत्री’ क्लिनिकची माहिती तुम्हाला हवीच. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, त्यातलंच हे केंद्र. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. तपासणी, रक्तवाढीच्या गोळ्या आहेतच, पण समुपदेशकही असतात आणि पैसे लागत नाहीत.

आम्ही अमळनेर-पारोळ्याकडचे. पोरगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून आठवीला तालुक्याच्या हायस्कूलला गेली. वर्गात पाच-सहा जणींचा पक्का ग्रुप. सारखे हेअरबँड, डबा एकत्र, क्लास एकत्र. एकदा डबा उघडताना ही सहज घरच्या अहिराणीत बोलून गेली, “मना डबामा ठेचा शे.” तेव्हापासून तिचं नावच ‘शे-शे’ पडलं. मग ती दिसली की बाकावर दप्तरं पसरायची, म्हणजे हिला बसायला जागाच नको. मारामारी नाही, शिवी नाही. सरांना सांगणार तरी काय?

क्लिनिकमधल्या मॅडमनी आधी मला बाहेर बसवलं, हे मला फार पटलं. आत काय बोलणं झालं ते सगळं मला सांगितलंही नाही. पोरीला विचारून फक्त एक कागद दाखवला. त्यावर वर्गातल्या मुलींची नावं होती. प्रत्येक नावापुढे मॅडमनी विचारलं होतं: हिच्यासमोर तू बिनधास्त अहिराणी बोलशील का? दोन दिवस शाळा बुडाली तर ही वही देईल का? तुझी गोष्ट हिच्याजवळ राहील का? ज्या ग्रुपसाठी पोरगी झुरत होती, त्यातल्या एकीपुढेही खूण नव्हती. खुणा होत्या मागच्या बाकावरच्या दोघींपुढे. एक एसटीने येणारी, दुसरी वसतिगृहातली.

त्या ग्रुपमध्ये शिरायचं कसं, हे मॅडमनी शिकवलंच नाही. माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे. चिडवलं तर आवाज न चढवता म्हणायचं, “माझ्या नावाने हाक मार,” आणि तिथून निघायचं. हे वाक्य पोरीकडून त्यांनी समोर उभं करून म्हणवून घेतलं, मान खाली गेली की पुन्हा पहिल्यापासून. मला सांगितलं, त्या मुलींच्या आयांना फोन करू नका. घरात पाऊल टाकताच ‘आज कोण बोललं?’ असं विचारू नका, भाजी निवडताना ती आपणहून बोलेल. पण कुणी फोटो फिरवले, पैसे मागितले, हात उचलला, तर मात्र लगेच मुख्याध्यापकांकडे जा, गरज पडली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा.

आणि त्या दोघींना घरी बोलवा म्हणाल्या. थंडीचे दिवस होते. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याची भाकरी केली. तिघी मिळून भरीत ठेचत होत्या. एसटीवाली पोरगी अस्सल अहिराणीत माझ्याकडे अजून मिरच्या मागत होती आणि आमची खळखळून हसत होती. असं तिला बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं.

आता उणिवा. आम्ही गेलो तिथे पाटी अशा कोपऱ्यात आहे की विचारल्याशिवाय सापडत नाही. समुपदेशक रोज नसतात, वेळही सकाळची, म्हणजे शाळा बुडवूनच जावं लागतं. सगळ्यात खटकलं ते खोलीला दाराऐवजी असलेला पडदा. बाहेर केसपेपरच्या रांगेला आतला शब्द ऐकू येतो. या वयाची पोरं अशा जागी मन मोकळं करतील कशी? तिथे दार बसवायलाच हवं.

मी पाचपैकी चार देईन. जाण्याआधी रुग्णालयात वार विचारून घ्या. मुलगा असेल तरी न्या, हे केंद्र मुलींपुरतं नाही. आणि रात्री-अपरात्री पोर रडत बसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.